एकतिसाव्या अध्यायापाशी थांबलेली मुलगी

पत्र : सासूबाई दरवर्षी दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह करतात. यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून नववीतली माझी मुलगी त्यांना वाचून दाखवत होती. चौथ्या दिवशी एकतिसाव्या अध्यायात पतिव्रतेचे नियम आले. नवऱ्याच्या आधी जेवू नये, त्याला उलट बोलू नये, असं बरंच काही. मुलगी मध्येच थांबली आणि म्हणाली, "आजी, हे खरं आहे का?" सासूबाईंनी काही न बोलता पोथी मिटली. उरलेलं पारायण शेजारच्या काकूंनी वाचलं. दीर म्हणाले, "पोथीला प्रश्न विचारायचे नसतात. विचारायचेच असतील तर आधी त्यांच्या पुस्तकांना विचारा." माझा भाऊ म्हणतो, सगळ्याच धर्मांच्या पोथ्या म्हणजे भाकडकथा, त्यात खरंखोटं शोधणंच वेडेपणाचं. मी स्वतः शाळेत शिकवते, पण मुलीला उत्तर देऊ शकले नाही. धर्मग्रंथातलं खरंखोटं पक्षपात न करता, कुणालाही पटेल असं ठरवता येतं का? की ज्याची त्याची श्रद्धा म्हणून सोडून द्यायचं?
– एक आई, सांगली जिल्हा

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दिरांचं आणि भावाचं बोलणं मी थोडं बाजूला ठेवते, त्याकडे येईनच. मन अडकलं ते मिटलेल्या पोथीपाशी. चौदा वर्षांच्या मुलीनं आजीला प्रामाणिकपणे काही विचारलं आणि दोघींमधलं वाचन थांबलं, ही मला यातली सगळ्यात मोठी हानी वाटते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. पक्षपात न करता पारख करता येते. फक्त 'गुरुचरित्र खरं की खोटं' असा अख्खा ग्रंथ एकदम तागडीत टाकता येत नाही. धान्य पायलीनं मापायचं आणि सोनं गुंजेनं. पोथीतलं एक वाक्य सांगतं की असं घडलं. दुसरं सांगतं की असं वाग. तिसरं सांगतं की हे वाचलंस तर तुला अमुक मिळेल. आणि कितीतरी ओव्या नुसते हात जोडतात, त्या काही सिद्ध करायला बसलेल्याच नसतात. तुमच्या मुलीनं 'हे खरं आहे का' असं विचारलं तेव्हा तिच्या पुढ्यात यातलं दुसरं, 'असं वाग' म्हणणारं वाक्य होतं. तिला विचारायचं होतं, 'मी असं वागायचं का?' हा फरक तिला समजावून दिलात तरी अर्धं काम झालं.

पण सुरुवात त्याहून सोप्या प्रश्नापासून करू. ग्रंथात नेमकं लिहिलंय काय, आणि ते आलं कुठून? याचं उत्तर श्रद्धावान आणि नास्तिक दोघांनाही एकच मिळू शकतं.

मी कॉलेजात होते तेव्हा आमच्या संस्कृतच्या सरांनी आम्हाला भांडारकर प्राच्यविद्या संस्थेनं काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे खंड दाखवले होते. पुण्यात १९१९ साली हे काम सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. १९२५पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याची धुरा घेतली आणि १९४३मध्ये मृत्यू येईपर्यंत ती खाली ठेवली नाही. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मलयाळम लिपीपर्यंतच्या १२५९ हस्तलिखितांचा आधार घेऊन, श्लोकामागून श्लोक ताडून पाहिला गेला. कुठला श्लोक सगळीकडे आहे, कुठला एकाच प्रांतात आहे, कुठला नंतर कुणीतरी भक्तीनं घातलेला दिसतो, हे ठरवण्याचे नियम आधी मांडले आणि मग ते सगळ्या पोथ्यांना सारखे लावले. त्या नियमांनी व्यासांनी सांगावं आणि गणपतीनं लिहून घ्यावं ही कथा मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. द्रौपदीच्या वस्त्रहरणात तिनं केलेला कृष्णाचा धावाही गेला. वस्त्रामागून वस्त्रं येत राहतात, पण ती कोण पुरवतो ते संहिता सांगत नाही. पुढे वनपर्वात कृष्ण स्वतःच म्हणतो की त्या वेळी मी द्वारकेत असतो तर हे होऊ दिलं नसतं. वस्त्रहरण ज्यात येतं ते सभापर्व संपादित केलं फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडितानं आणि वनपर्व केलं सुकथनकरांनी. दोघांचे देश वेगळे, धर्म वेगळे, नियम मात्र तेच.

त्या दिवशी मला घरी आल्यावर जेवण गेलं नाही. लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकलेला 'धाव रे कृष्णा' माझ्यासाठी महाभारताचा गाभा होता. कुणीतरी तो काढून घेतला असं वाटलं. बऱ्याच वर्षांनी उमगलं की काढून कुणीच काही घेतलेलं नाही. तो धावा कुठल्यातरी जुन्या भक्तानं लिहिला, शेकडो वर्षं लोकांनी म्हटला, माझ्या आईनं म्हटला. तो मूळ संहितेत होता का, या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. त्यात सांगितलेली आर्तता खरी आहे का, हा प्रश्न त्यानं सुटत नाही. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर लादायचं नाही आणि दुसऱ्याच्या प्रेमापोटी पहिल्याचं उत्तर बदलायचं नाही, एवढं पथ्य मी तेव्हापासून पाळत आले आहे.

आता तुमच्या दिरांना सांगा की 'त्यांच्या पुस्तकांना' हेच प्रश्न विचारून झालेत, आणि विचारणारे पुष्कळदा त्यांचेच होते. बायबलमधली व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीची गोष्ट जगभर ठाऊक आहे. 'तुमच्यात जो निष्पाप असेल त्यानं पहिला दगड मारावा' हे येशूचं वाक्य त्यातलंच. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती गोष्ट नाही. ख्रिस्ती अभ्यासकांनी हे लपवलं नाही. आजच्या कितीतरी आवृत्त्यांत ती कंसात, खाली टीप देऊन छापलेली असते. मुसलमानांच्या हदीसशास्त्रात तर प्रेषितांचं प्रत्येक वचन कोणी कोणाकडून ऐकलं याची साखळी तपासायची, त्या साखळीतल्या माणसांची विश्वासार्हता पाहायची आणि मग वचनाला पक्कं किंवा कच्चं ठरवायचं, अशी शतकानुशतकांची शिस्त आहे. पक्षपात नको म्हणजे याहून वेगळं काही नसतं, ताई. जे माप शेजाऱ्याच्या ग्रंथाला लावायचं तेच आपल्याला लावायचं. त्यांच्या चमत्काराला 'पुरावा काय' म्हणायचं आणि आपल्या चमत्काराला 'श्रद्धेचा प्रांत' म्हणायचं, तर आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढंच उरतं.

आणि पोथीला प्रश्न विचारायचे नसतात, हे तर आपल्याच परंपरेला धरून नाही. ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके १२१२मध्ये, म्हणजे १२९०च्या सुमारास. पुढच्या तीनेकशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यात इतके पाठभेद शिरले की एकनाथांनी प्रती मिळवून, पाठ ताडून, शके १५०६मध्ये म्हणजे १५८४ साली शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ मुळात अतिशुद्धच आहे, पण पाठांतरानं तो 'शुद्ध अबद्ध' झाला, असं ते स्वतः लिहून ठेवतात. वर ताकीद देतात की यात जो कोणी आपली मराठी ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली म्हणून समजा. ज्ञानेश्वरांवर नाथांइतकं प्रेम कुणाचं असेल? त्या प्रेमानंच त्यांनी ग्रंथातली ओवीन् ओवी संशयानं पाहिली.

आता हीच नजर घेऊन एकतिसाव्या अध्यायाकडे चला. कथा तुम्हाला ठाऊक आहे. माहूरची सावित्री, क्षयानं खंगलेला नवरा, त्याला घेऊन ती गाणगापूरला गुरूंकडे, म्हणजे नृसिंह सरस्वतींकडे, येते आणि तिथे पोचता पोचता तो जातो. ती शोक करत असताना एक तापसी येतो आणि तिला पतिव्रतेचा आचार सांगतो. हा आचार गुरुचरित्राचे कर्ते सरस्वती गंगाधर यांनी स्वतः रचलेला नाही. तो स्कंदपुराणाच्या काशीखंडातून आलेला आहे. तिथे देव अगस्तींच्या आश्रमात जातात आणि बृहस्पती लोपामुद्रेची स्तुती करताना पतिव्रतेची लक्षणं सांगतो. म्हणजे तुमची मुलगी जिथे अडखळली तो मजकूर गुरुचरित्राहून जुन्या पुराणातला आहे, आणि मराठी ग्रंथकारानं तो आपल्या कथेत गुंफला आहे. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की कुणालाही हे ताडून बघता येतं.

मात्र यावरून 'नियम पुराणाचे, करुणा गुरूंची' अशी सोयीची वाटणी करू नका. मलाही एकदा तो मोह झाला होता. पुढे तेहतिसाव्या अध्यायात गुरू सांगतात की तो तापसी म्हणजे आपणच होतो. ग्रंथकाराला ते नियम मान्य होते, हे मान्य करूनच पुढे जावं लागतं.

मग उरतात फलश्रुतीची वाक्यं. हे वाचलं तर रोग जाईल, संतती होईल, दारिद्र्य सरेल. ही वाक्यं जगाबद्दल काहीतरी सांगतात, म्हणून ती जगाकडे बघूनच पारखायची. इथेही मी नवीन काही सांगत नाही. वेदांना अपौरुषेय, कुणीही न रचलेले, मानणाऱ्या, म्हणजे वेदांच्या बाबतीत सगळ्यात कडवे असलेल्या मीमांसकांनीच वेदवाक्यांची विभागणी केली. काय करावं हे सांगणारा तो विधी, आणि त्याची गोडी लागावी म्हणून केलेली स्तुती तो अर्थवाद. अर्थवाद प्रत्यक्षाच्या विरुद्ध जात असेल तर तो अक्षरशः घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. शंकराचार्य गीताभाष्यात अठराव्या अध्यायावर लिहिताना त्याहून रोखठोक बोलतात. अग्नी थंड आहे किंवा प्रकाश देत नाही असं शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. शंभर श्रुती! हे वाक्य तुमच्या मुलीला वहीत लिहून ठेवायला सांगा, आणि दिरांनाही जरूर ऐकवा.

सासूबाईंनाही हे कळतं. मोतीबिंदू झाला तेव्हा पारायणानं दिसू लागेल म्हणून त्या बसून राहिल्या नाहीत, त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. यात त्यांची श्रद्धा कमी पडली असं मी म्हणणार नाही. फलश्रुतीचं वाक्य कुठल्या मापानं मापायचं हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे, तोंडानं त्यांनी ते कधी म्हटलं नसेल एवढंच.

अशी मापणी किती सावधपणे करावी लागते, याचं एक उदाहरण देते. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रुग्णांवर अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत एक प्रयोग झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. एका गटासाठी अनोळखी भाविकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंती पहिल्या गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१. तिसऱ्या गटाला सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होते आहे, आणि त्यांच्यात त्या ५९ टक्के निघाल्या. यातून काय कळलं? परक्यानं दुरून केलेल्या प्रार्थनेनं शस्त्रक्रियेतून उठणारा माणूस लवकर बरा होतो, या दाव्याला इथे आधार मिळाला नाही. देव आहे की नाही, हे यातून कळलं नाही. नवऱ्याच्या उशाशी रात्रभर नाम घेत बसलेल्या बाईला त्या नामानं बळ मिळालं का, हेही कळलं नाही, कारण ते कुणी मोजलंच नव्हतं. तुमच्या भावाला मी हेच सांगेन. सगळ्या भाकडकथा म्हणून हात झटकले की तपासायचे कष्ट वाचतात, आणि त्याच कष्टातून दिरांचीही सुटका झालेली असते. एकानं सगळं न वाचता मानलं, दुसऱ्यानं सगळं न वाचता टाकलं.

'ग्रंथ खरा, कारण तो देवानं सांगितला. आणि देवानं सांगितला हे खरं, कारण ग्रंथात तसं आहे' या युक्तिवादापासून मात्र मुलीला सावध करा, मग तो कुठल्याही धर्माचा माणूस करो. आपल्या नैयायिकांनी, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रकारांनी, त्याला नाव देऊन ठेवलंय, अन्योन्याश्रय. एकमेकांच्या खांद्यावर उभे राहिलेले दोघे, आणि जमिनीवर कुणीच नाही.

आता मुलीच्या खऱ्या प्रश्नाकडे येते, असं वागायचं का? इथे कुठलाही प्रयोग कामाला येत नाही आणि हस्तलिखितंही नाहीत. पण म्हणून 'ज्याचं त्याचं मत' असंही मला म्हणवत नाही. नियमाला कारणं विचारता येतात. हा नियम कुणावर आहे, कुणावर नाही? तो मोडल्याचं दुःख कोण भोगतं, पाळल्याचं कोण? नियम करताना जिच्यावर तो लादला तिला कुणी विचारलं होतं का? जागा उलट केल्या, नवऱ्यानं बायकोच्या आधी जेवू नये असं म्हटलं, तर तो आपल्याला तितकाच पवित्र वाटेल का? हे प्रश्न कुणीही कुणालाही विचारू शकतं, आणि काही उत्तरं दुसऱ्यांपेक्षा उघड उघड जास्त टिकतात. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या सत्याग्रहात मनुस्मृती जाळली गेली, ती याच प्रश्नांची उत्तरं ग्रंथाला देता येईनात म्हणून. आणि महामहोपाध्याय पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहिले, त्यांतलं कलिवर्ज्याचं प्रकरण वाचा. एके काळी शास्त्रानं सांगितलेल्या किती गोष्टी पुढे शास्त्रकारांनीच 'कलियुगात वर्ज्य' म्हणून बंद केल्या, याची यादीच्या यादी तिथे आहे. शास्त्र बदलत नाही असं सांगणाऱ्यांनी शास्त्रच वाचलेलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुकोबा म्हणतात, 'सत्य असत्यासी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता'. मला हा अभंग फार जवळचा आहे, पण तो पुष्कळदा सैलपणे वापरला जातो, मनाला आलं तेच खरं अशा अर्थानं. ग्वाही म्हणजे साक्षीदार. साक्षीदाराला शपथ असते, त्याची उलटतपासणी होते. तुकोबांनी आपल्या मनाला आयुष्यभर त्या पिंजऱ्यात उभं केलं होतं.

एक गोष्ट आपल्या मापांत बसत नाही. सासूबाईंना पारायणात जे वाटतं, ती शांतता, कदाचित कधीतरी स्वप्नात झालेलं दर्शन. ते त्यांना वाटलं, यावर वाद घालायचा नाही. त्यावरून घरातल्या दुसऱ्या कुणी काय करावं असा निष्कर्ष निघू लागला, तर त्या निष्कर्षाला मात्र प्रश्न विचारता येतो.

आणि एक सांगू का? पत्राच्या इथे न छापलेल्या शेवटच्या भागात तुम्ही ओघात लिहिलंय की सासरे जाऊन अकरा वर्षं झाली, आणि गेल्या दिवाळीला सासूबाईंनी स्वतःच्या पसंतीनं मोरपंखी साडी घेतली. काशीखंडातून आलेल्या त्याच मजकुरात, एकतिसाव्या-बत्तिसाव्या अध्यायात, सहगमनाची, म्हणजे सती जाण्याची, थोरवी आहे आणि मागे राहिलेल्या विधवेनं केस काढावेत, एकभुक्त राहावं, असेही नियम आहेत. अकरा वर्षं दर सप्ताहाला त्या ओव्या सासूबाईंच्या डोळ्यांखालून गेल्या. त्यांनी पोथी सोडली नाही आणि त्या ओव्या पाळल्याही नाहीत. तुमच्या मुलीचा प्रश्न त्यांना नवा नसावा. त्यांनी तो मनात केव्हाच सोडवला असेल, फक्त मोठ्यानं कुणी विचारला नव्हता, आणि तो विचारला गेला तेव्हा त्या ओव्या नातीच्या तोंडी होत्या. त्यांनी पोथी रागानं मिटली असं तुम्हाला वाटलं असेल. मला तसं वाटत नाही.

म्हणून मुलीला आधी तुम्ही उत्तर देऊ नका. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर, दीर घरात नसताना, दोघींना जवळ बसवा. मुलीला म्हणायला सांगा, "आजी, मला चूक काढायची नव्हती. तू इतकी वर्षं वाचतेस, हा भाग आला की तुला काय वाटतं?" आणि मग तुम्ही दोघी गप्प बसा. सासूबाई बोलल्या तर ऐका. त्या नियमांची बाजू घेऊन बोलल्या तरी मध्ये तोडू नका. मुलीला वर सांगितलेले प्रश्न शांतपणे विचारू द्या, आजीला तिची उत्तरं देऊ द्या. एका बैठकीत सुटायला पाहिजे असं काही नाही.

आणि पुढच्या दत्तजयंतीला शेजारच्या काकूंना बोलवू नका. चौथ्या दिवशी मुलीलाच वाचू द्या. ती पुन्हा एकतिसाव्यात थांबली तर तिला थांबू द्या, हवं तर त्या ओव्या तिनं न वाचता आजीनं मनात वाचाव्यात. सासूबाई नुसतं 'वाच पुढे' म्हणाल्या, तर पुढचं वाचायला लावा. बत्तिसाव्यात ती बाई सहगमनाला निघालेली असताना गुरूंच्या पाया पडते, ते तिला अष्टपुत्रा सौभाग्यवती हो म्हणतात, आणि तिचा नवरा उठून बसतो.